दवाखान्याचं टेबल

विमानांची छोटी प्लास्टिकची मॉडेलं बनवणाऱ्या आमच्या मंडळाचा वर्षातून एकदा मेळावा असतो. हॉलच्या मधोमध स्पर्धेचं टेबल, त्यावर पांढरी चादर, प्रत्येक विमानापुढे छोटं कार्ड आणि "हात लावू नये" अशी पाटी. बघायला येणारे सगळे तिथेच गर्दी करतात. पण खरा मेळावा भरतो तो खिडकीजवळच्या एका डुगडुगत्या टेबलाशी, ज्याला आम्ही सगळे दवाखाना म्हणतो. हे नाव कधी पडलं, कुणी पाडलं, कुणालाच आठवत नाही. त्यावर एक टेबललॅम्प, चिमटे, दोन प्रकारचे गोंद, मास्किंग टेप, सुऱ्या, पॉलिश पेपरचे तुकडे, आणि प्रवासात मोडलेली विमानं. घरून निघताना धडधाकट असलेलं विमान हॉलवर पोचेपर्यंत एखादं चाक किंवा अँटेना गमावतंच, त्यामुळे सकाळी सकाळी स्पर्धेच्या टेबलापेक्षा दवाखान्यात जास्त गर्दी.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा नंबरही तिकडेच लागला होता. १/७२ चं स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो, १/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं, सहा फुटी वैमानिक एक इंचाचा होतो आणि अख्खं स्पिटफायर या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर भरतं, तळहातावर बसतं. मी ते रात्री जागून रंगवलं आणि सकाळी जपून न्यायचं म्हणून चपलेच्या खोक्यात कापसात गुंडाळलं. हुशारीच केली ना! हॉलवर खोकं उघडलं तर विमानाला अंगभर लोकर आलेली. इनॅमल रंग वरून सुकल्यासारखा वाटतो पण आत ओलाच असतो आणि सगळा कापूस त्याला चिकटून बसला होता.

दवाखान्यात तेव्हा एक काका बसायचे, अजूनही बसतात. त्यांनी विमान हातात घेतलं, उलटं केलं, नाकाशी नेलं आणि चक्क वास घेतला.

"रंग कधी मारलास?"

"काल रात्री. साडेअकराला."

"इनॅमलचा वास येतोय तोवर तो ओला समजायचा. वास गेला की मग हात लावायचा. कळलं?"

कळलं. आजही मी मॉडेलचा वास घेतो, घरचे बघतात आणि काही बोलत नाहीत.

मग त्यांनी चिमट्याने एकेक धागा काढायला सुरुवात केली आणि मधेच थांबले, कारण कॅनोपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवर, माझ्या अंगठ्याचा ठसा होता, एकदम स्पष्ट. प्लास्टिकचा गोंद हा आपल्या साध्या गोंदासारखा नुसता चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो, त्यामुळे त्या गोंदाचं बोट काचेला लागलं की तो ठसा तिथे कायमचा. मी शरमेने लाल. काका म्हणाले, "राहू दे, उद्या विमान चोरीला गेलं तर पोलिसांना उपयोगी पडेल." मग हळूच सांगितलं की काचेला पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद वापरायचा, तो सुकला की पारदर्शक होतो, आणि सुपरग्लू तर काचेच्या आसपास फिरकू द्यायचा नाही, त्याच्या वाफेनेच काचेवर धुकं चढतं. ते स्पिटफायर स्पर्धेत शेवटून पहिलं आलं असणार, तसा नंबर कुणी काढत नाही म्हणून बरं.

मिग-२१ हा दवाखान्याचा कायमचा पेशंट. त्याच्या नाकापुढे एक लांबलचक दांडी असते, हवेचा वेग मोजायची, पिटो ट्यूब म्हणतात तिला. किटमधली, म्हणजे मॉडेलचे सुटे भाग ज्या खोक्यात विकत मिळतात त्यातली, प्लास्टिकची दांडी काडीपेक्षा बारीक, आणि ती मोडायला वारासुद्धा पुरतो. एका दादाची ती तीन वर्षं ओळीने मोडली, एकदा खोक्यात, एकदा त्याच्याच स्वेटरच्या बाहीला अडकून, एकदा कार्ड ठेवताना दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने. चौथ्या वर्षी तो इंजेक्शनची सुई घेऊनच आला. टोक घासून बोथट केलं, योग्य लांबीची कापली, नाकाला बारीक भोक पाडून बसवली. काका म्हणाले, अखेर पेशंटला इंजेक्शन दिलं! ती सुई आजपर्यंत टिकली आहे, उलट तिनेच दोघांच्या बोटांतून रक्त काढलंय.

दुसरा नेहमीचा आजार म्हणजे शेपटीवर बसणं. ज्या विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असतं त्यांच्या नाकात मॉडेल बनवताना वजन भरावं लागतं, शिशाचे छर्रे, छोटे नट, काहीही, नाहीतर मॉडेल टेबलावर ठेवलं की नाक वर करून शेपटीवर बसतं. आणि हे कळतं कधी, तर सगळं चिकटवून, रंगवून झाल्यावर. आमच्या सेक्रेटरींचं पी-३८ लायटनिंग असंच बसलं होतं, त्याला दोन शेपट्या, त्यामुळे अपमानही दुप्पट. नाक फोडून आत वजन घालायला त्यांचं मन होईना. मग आम्ही मागच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकची छोटी काडी टेकू म्हणून लावली, तीन फुटांवरून दिसत नाही. परीक्षक नेमके सहा इंचांवर आले.

परीक्षकांचं काय बोलावं! टॉर्च घेऊन येतात, वाकून विमानाच्या पोटाखाली बघतात. आधी बघतात ते जोड, दोन अर्धी अंगं चिकटवल्यावर मधे राहणारी रेघ पुट्टीने भरून घासून गायब केलीय का, मग चाकं सरळ आहेत का, दोन्ही पंख सारखे वर उचललेत का. रंग नंतर. पहिली काही वर्षं मला हे अन्यायाचं वाटायचं कारण माझा सगळा जीव रंगात होता, पण एकदा स्वतः टॉर्च धरून रांगेतली सगळी मॉडेलं बघितली आणि पटलं, लांबून झकास दिसणाऱ्या विमानाच्या पोटावरून ती रेघ रेल्वे रुळासारखी गेलेली असते. माझ्याही.

एका वर्षी कमिटीने ठरवलं की सगळ्यांनी एकच विमान करायचं, १/७२ स्पिटफायर. मला आधी वाटलं कंटाळा येणार, पण आलेल्या बारा विमानांत दोन सारखी नव्हती. डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, म्हणजे तपकिरी आणि हिरव्या पट्ट्यांचं नेहमीचं रूप बहुतेकांनी केलं होतं, हम्ब्रॉलच्या डब्यांवरचे २९ आणि ३० नंबर, आणि खालून स्काय. आता या स्कायवरून जे भांडण झालं ते मी विसरणार नाही. नाव स्काय पण रंग निळा नाहीच, फिकट हिरवट आहे. एकाने नावावर विश्वास ठेवून मस्त निळं मारलं होतं. शिवाय काहींचं म्हणणं की छोट्या मॉडेलवर रंग जसाच्या तसा मारला की गडद वाटतो, म्हणून थोडं पांढरं मिसळायचं, खरं विमान आपण लांबून बघतो तेव्हा मधल्या हवेने रंग फिका दिसतो तसं. दुसऱ्यांचं म्हणणं की डबा उघडा आणि मारा, उगाच शास्त्र नको. दोन्ही गट आजही एका बाकावर बसतात आणि एकमेकांची विमानं बघून मान हलवतात. माझं मत पांढरं मिसळायचं, हे इथे सांगून टाकतो.

आणि त्या बारांत एक गुलाबी होतं! बघायला आलेली पोरं फिदीफिदी हसत होती, हे काय, बाहुलीचं विमान का. ते बनवणारा शांतपणे प्रत्येकाला सांगत होता की ब्रिटिशांनी फोटो काढायला पाठवायच्या काही स्पिटफायरना खरंच फिकट गुलाबी रंग दिला होता, ढगांच्या खालून कमी उंचीवर उडताना, खासकरून पहाटे आणि संध्याकाळी, तो रंग आभाळात विरून जातो म्हणून. दुपारपर्यंत त्याने हे पन्नासेक वेळा सांगितलं असेल, शेवटी घसा बसला आणि त्याने कार्डाच्या मागे लिहून ठेवलं.

त्याच वर्षी एका ताईंच्या विमानावरून गाजलं. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर काळेपांढरे पट्टे मारले होते, आपल्याच लोकांनी आपली विमानं पाडू नयेत म्हणून. पाच पट्टे, तीन पांढरे दोन काळे, एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येकी अठरा इंच रुंद. अठरा भागिले बहात्तर, बरोबर पाव इंच. ताईंनी पाव इंच धरला होता पण कडा वाकड्यातिकड्या, कुठे काळा पांढऱ्यात घुसलेला, ब्रशचे फराटे दिसतायत. परीक्षकांपैकी एक नवीन होते, त्यांनी कार्डावर लिहिलं, मास्किंग कच्चं, म्हणजे टेप लावून कडा नीट राखलेल्या नाहीत. ताई काही बोलल्या नाहीत, पर्समधून जुन्या फोटोंच्या प्रती काढून विमानाशेजारी ठेवल्या. गुप्तता राखायची म्हणून पट्टे मारायचा हुकूम अगदी शेवटच्या एकदोन दिवसांत आला होता आणि मेकॅनिक लोकांनी मिळेल त्या ब्रशने घाईघाईत ते रंगवले, फोटोत कितीतरी विमानांवर ते तसेच ओबडधोबड दिसतात. ताईंनी टेप न लावता मुद्दाम तसे मारले होते, आणि ते सरळ मारण्यापेक्षा अवघड गेलं म्हणे, हात सारखा सरळच जायचा. परीक्षकांनी शेरा खोडला. मार्क किती वाढवले ते मात्र कळलं नाही.

असं खोदून बघणाऱ्यांना आमच्यात रिव्हेट, म्हणजे विमानाचे पत्रे जोडणारे खिळे, मोजणारे म्हणतात, थोडं प्रेमाने थोडं वैतागाने. पी-५१ मस्टँगच्या पंखावर कुणी प्रत्येक रिव्हेट कोरून आणला की यांच्यातला एकजण हमखास येऊन कानात सांगणार, अहो, त्या पंखावरचे रिव्हेट आणि सांधे कारखान्यातच पुट्टीने भरून वरून चंदेरी रंग मारायचे, हवा गुळगुळीत वाहावी म्हणून. महिनाभर रिव्हेट कोरलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा बघवत नाही. मॉस्किटोवर पत्र्याचे जोड दाखवणाऱ्याचंही तेच, ते विमान लाकडी.

डिकॅलचं प्रात्यक्षिक दरवर्षी असतं आणि दरवर्षी कुणीतरी नवीन घाबरतं. डिकॅल म्हणजे विमानावरची चिन्हं, नंबर, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची. आधी चकचकीत वार्निश मारून घ्यायचं, खरखरीत मॅट रंगावर डिकॅल लावलं की खाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखं चमकतं. वरून मायक्रो सोल नावाचं औषध लावलं की डिकॅल मऊ होतं आणि पृष्ठभागाला घट्ट बसतं, पण त्याआधी काही मिनिटं ते भयंकर सुरकुततं, वाटतं की सगळं वाया गेलं. नियम एकच, हात लावायचा नाही, बाहेर चक्कर मारून यायचं, तोवर ते आपोआप सपाट होतं. एका शाळकरी मुलाला राहवलं नाही, त्याने बोटाने सुरकुती सारखी करायला घेतली आणि अख्खं चिन्ह बोटावर आलं. रडकुंडीला आला होता. आमच्यातल्या चौघांनी आपापल्या खोक्यांतले उरलेले डिकॅल धुंडाळले आणि त्याच मापाचं एक सापडलंच, कारण या नादात कुणी काही फेकत नाही.

आणि तो टिंग आवाज. चिमट्यातून बारीक भाग निसटला की असा आवाज येतो आणि तो भाग या जगातून नाहीसा होतो. एकदा बक्षीस समारंभ चालू होता, अध्यक्ष बोलत होते, आणि दवाखान्यातून तो आवाज आला. कुणाची तरी चाकाची झडप, चार मिलिमीटरची. पुढच्या रांगेतले दोघं खाली बसले, मग मागचे, मग सगळेच, मोबाईलचे टॉर्च लावून वीसपंचवीस माणसं हॉलच्या फरशीवर ओणवी. अध्यक्ष थोडा वेळ माईक धरून उभे राहिले आणि मग तेही वाकले. झडप मिळाली नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर ती एकाच्या शर्टाच्या खिशात निघाली, त्याने फोटो पाठवला.

वय वाढलं की स्केल वाढतं असं आमच्यात म्हणतात. काकांचं बघता बघता तसंच झालं. आधी १/७२, मग १/४८ वर आले, म्हणाले कॉकपिट नीट करता येतं, मग १/३२, म्हणाले जागा आहे घरात. कारण सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्यात हल्ली ते स्वतः चिमटा धरत नाहीत, सांगतात आणि आम्ही करतो. अँटेनाची तार मात्र तेच ओढतात, स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या सांगाड्याला लागलेले असतात त्याचा, तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ झाला की ज्योतीबाहेर काढून दोन्ही हातांनी ताणायचा, केसासारखा धागा निघतो. हात थरथरतात, तरी त्यांचा धागा आमच्यापेक्षा बारीक येतो.

गेल्या मेळाव्याला सगळं आवरल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुनं किट काढून मला दिलं, १/७२ चं हरिकेन, कधीच न उघडलेलं. "हे माझ्याच्याने आता होत नाही, तू कर. आणि कापसात गुंडाळून आणू नकोस."

घरी येऊन उघडलं तर भाग सगळे ठीक पण डिकॅलचा कागद पिवळा पडलेला. त्यावर एक जुना उपाय आहे, कागद पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला चिकटवायचा, उन्हाने पिवळेपणा हळूहळू उडतो. तो आता माझ्या खिडकीला आहे. रोज सकाळी बघतो. लहान चिन्हं बरीच पांढरी झालीत, मोठी गोल चिन्हं अजून किंचित पिवळट वाटतात, आणि मेळाव्याला सात आठवडे राहिलेत.