उलाळ

गळीत हंगाम चालू आहे, त्यामुळे पेठ नाक्यावरच्या आमच्या वर्कशॉपात सध्या जेवायलाही सवड नसते. उसाच्या ट्रॉल्यांचे तुटलेले ड्रॉबार, वाकलेल्या पिना, रात्री अकरापर्यंत वेल्डिंग. त्यात परवा दारात एक भारीतली जर्मन एसयूव्ही येऊन थांबली. मागं जोडलेली पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. पुण्याचं कुटुंब, आजरा-आंबोलीवरून गोव्याला निघालेलं. साहेब म्हणाले, "मिस्त्री, हुक ढिला झालाय बहुतेक. ऐंशीच्या पुढं गेलं की मागचं डोलायला लागतं. अजून ॲक्सिलरेटर दाबला की सरळ होतं."

ते ऐकूनच अंगावर काटा आला. डोलायला लागलं की पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप पडू द्यायचा.

हुक ठणठणीत होता. कॅराव्हॅन सोडवली, तिच्या पुढच्या दांड्याखाली हात घातले आणि उचलून बघितलं, तर मी एकट्यानं उचलला. आमच्याकडं बैलगाडी भरणाऱ्या पोरालासुद्धा हे कळतं. मागं ओझं जास्त झालं की जू वर उठतं, गाडी उलाळ होते. इथंही तेच झालेलं, म्हणून डोलत होती.

शेजारच्या वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण कॅराव्हॅन काट्यावर: २,४६० किलो. मग पुढं ओढून दांड्याखालचं छोटं चाक काट्याच्या बाहेर टेकवलं, फक्त मोठी चाकं आत ठेवली: २,४२०. फरक ४० किलो, तेवढाच भार हुकावर. काटा दहाच्या पटीत दाखवतो म्हणून दोनदा करून घेतलं. अशा ट्रेलरचा पाच ते सात टक्के भार तरी हुकावर पाहिजे. इथं दोन टक्केही नव्हता. कारण पाण्याची टाकी पार मागच्या टोकाला आणि ती काठोकाठ भरलेली. १८० लिटर म्हणजे १८० किलो. गोव्यात काय पाणी मिळत नाही? पण विकणाऱ्यानं सांगितलेलं, "टाकी भरूनच निघा."

टाकी रिकामी केली, भरलेला गॅस सिलिंडर मागून काढून पुढच्या कप्प्यात पट्ट्यानं बांधला. परत काट्यावर: एकूण २,२८०, हुकावर १३०. गाडीच्या पुस्तकात हुकावर १४० पर्यंत चालतं असं लिहिलेलं. मनासारखं जमलं.

त्याच पुस्तकात, त्याच पानावर, पुढची ओळ होती. ब्रेक असलेला ट्रेलर २,७०० किलोपर्यंत, बिनब्रेकचा फक्त ७५०. मी खाली वाकून बघितलं. कॅराव्हॅनच्या चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक होते, पण त्यांच्या तारा कापून टोकांना काळी टेप गुंडाळलेली. गाडीतून ते ब्रेक चालवणारा कंट्रोलरच बसवलेला नव्हता. सॉकेटमधून नुसते दिवे चालत होते. विकणाऱ्याला हे माहीत असणारच, टेप काय आपोआप गुंडाळली जात नाही.

मी सांगितलं, साहेब, ही इथंच राहू द्या, कंट्रोलर मागवतो, चार दिवस लागतील. आमच्या ट्रॉल्यांनाही ब्रेक नसतात, ते चूकच आहे, पण ट्रॅक्टर विसाच्या वेगानं सपाटीवर चालतो. तुम्हाला आंबोली उतरायचीय. वहिनी म्हणाल्या, "अहो, ठेवूया ना." साहेब म्हणाले, आधी एक चक्कर मारून बघतो.

हायवेवर जाऊन परत आले तेव्हा चेहरा फुललेला. "मिस्त्री, काय जादू केली! नव्वदला हूं का चूं नाही." आणि निघाले. दुसऱ्या गिअरला उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, एवढं मी खिडकीत वाकून दोनदा सांगितलं. पैसे घ्यायला हात पुढं झाला नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. उलाळ तशीच राहिली असती तर वहिनींचं ऐकून त्यांनी ती इथं ठेवली असती. मी डोलणं काढलं, म्हणून ते गेले. काटा आधी आणि ब्रेक नंतर बघितला, तो क्रम उलटा पाहिजे होता.

रात्री दहाला फोन केला. उतरले होते. मध्ये ब्रेकचा जळका वास आला म्हणून वळणावर अर्धा तास थांबले, म्हणाले. वहिनी मागून काहीतरी बोलत होत्या, ते मला नीट ऐकू आलं नाही. कंट्रोलर मी मागवून ठेवलाय.