गाडीला करंट मारायलाय

"वायरमन, गाडीला करंट मारायलाय. असाल तसं या."

सोलापूर-तुळजापूर रोडच्या अण्णांचा फोन. एप्रिलमधली दुपार, पारा 42 च्या पुढं. मला वाटलं ट्रॅक्टरचं काहीतरी असेल, बॅटरीची ठिणगी कुणी बघितली असेल. तसं म्हटल्यावर अण्णा भडकले. "ट्रॅक्टर नव्हं ओ! घरासारखी गाडी हाय. संडास, बाथरूम, फ्रीज, समदं आत. आज्जीनं दाराला हात लावला आन् झटका बसला." आज्जी म्हटल्यावर मी जेवण अर्धं टाकून निघालो.

अण्णांनी द्राक्षबागेच्या कडेला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. हुरड्याच्या दिवसांत तिथं चांगली वर्दळ असते, उन्हाळ्यात चिटपाखरू नसतं. त्यामुळं अंगणात उभी असलेली ती लांबलचक पांढरी कॅरॅव्हॅन बघायला आजूबाजूच्या वस्तीवरची पोरं जमलेली. पुण्याचं कुटुंब होतं. साहेब, ताई, साहेबांची आई आणि ड्रायव्हर. पंढरपूर झालं होतं, सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आले होते, पुढं अक्कलकोट आणि तुळजापूर. आज्जींचे गुडघे गेलेले. खाली बसता येत नाही, रस्त्यावरच्या संडासात जाता येत नाही. म्हणून गाडीच अशी घेतलेली. मला हे कारण एकदम पटलं. हौस म्हणून घेतली असती तर कदाचित मनातल्या मनात हसलो असतो.

मी पोचलो तेव्हा आज्जी बाजेवर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर धरून. कोपरापर्यंत ठणका होता. छातीत धडधड, चक्कर वगैरे काही नव्हतं. तरी मी ताईंना म्हटलं, वय बघता एकदा डॉक्टरांकडं नेऊन ईसीजी काढा, मी तोवर गाडीचं बघतो. ड्रायव्हर आणि ताई अण्णांच्या जीपमधून त्यांना शहरात घेऊन गेले.

सगळ्यात आधी खोलीतला प्लग उपसला. मग जोडण्या बघितल्या. खोलीच्या खिडकीतून एक पिवळी एक्स्टेन्शन बाहेर काढून गाडीच्या निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटला जोडलेली. बोरच्या टाकीवरून एक नळी गाडीच्या पाण्याच्या टाकीत. गाडीच्या पोटातून दोन पाइप निघालेले. जाडा, तीन इंची, संडासाचा, तो खोल्यांच्या मागच्या चेंबरमध्ये घुसवलेला. बारका, अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याचा, नारळाच्या आळ्यात सोडलेला, पण तो सांध्यातून निसटून बरोबर पायरीखाली सांडत होता. पायरीजवळ चिखल झालेला. आज्जी अनवाणी. बाकी सगळे चपला घालून.

साहेब अमेरिकेत काही वर्षं राहिलेले, तिथं अशा गाडीतून फिरलेले. ते सांगू लागले, तिकडं कॅम्पग्राउंडला प्रत्येक गाडीच्या जागेशेजारी एक खांब असतो. त्यात 50 अँपियरचा, 30 अँपियरचा आणि घरगुती 20 अँपियरचा, असे वेगवेगळे सॉकेट. शेजारी पाण्याचा नळ, जमिनीत मैल्याचं भोक. तिन्ही मिळालं की त्याला 'फुल हुकअप' म्हणायचं. मी मनातल्या मनात हिशेब केला. तिकडं व्होल्टेज 120, म्हणजे 30 अँपियरला 3600 वॅट. आपला 230 व्होल्टचा 16 अँपियरचा पॉइंट 3680 वॅट देतो. म्हणजे अण्णांच्या भिंतीतला साधा पॉवर पॉइंट त्यांच्या 30 अँपियरच्या तोडीस तोड. 50 अँपियरवाल्याची गोष्ट निराळी, त्यात 120 च्या दोन लाइनी येतात, 12,000 वॅट होतात. साहेबांकडं तिकडून आणलेला एक डबा पण होता. खांबाला लावला की अर्थिंग आहे का, फेज-न्यूट्रल उलटे तर नाहीत ना, हे तपासून मगच गाडीला वीज सोडणारा. पण तो 120 व्होल्टचा. इथं लावला असता तर तोच आधी गेला असता. म्हणून गाडीच्या कप्प्यात गुंडाळून ठेवलेला.

आता खरं काम. साहेबांना म्हटलं, मी सांगेपर्यंत गाडीच्या जवळ कुणी यायचं नाही. रबरी बूट घातले, चिखलात एक लोखंडी सळई ठोकली, खोलीतला प्लग परत लावायला सांगितला आणि मीटरचं एक टोक सळईला, दुसरं दाराच्या कडीला. 108 व्होल्ट. अण्णांचा पुतण्या लगेच टेस्टर लावून "पेटला, पेटला" करू लागला. टेस्टर पेटला म्हणजे माणूस मरेल असं नसतं, आणि नाही पेटला म्हणजे वाचेल असंही नसतं. मी सळई आणि कडीच्या मध्ये 15 वॅटचा टेस्ट लॅम्प जोडला. बल्ब काही पेटला नाही, उलट मीटर खाली बसला. म्हणजे हा व्होल्टेज पोकळ. बॅटरी चार्जरच्या फिल्टरमधून थोडासा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग नसेल तर निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना, तोच प्रकार. मुंग्या येतील, पण आज्जींचा हात ठणकणार नाही.

साहेब म्हणाले, "आम्हाला पण कधीकधी झिणझिण्या येतात. कधी येतात, कधी नाही."

"आज्जींना झटका बसला तेव्हा आत काय चालू होतं?"

"काही नाही. आईला हातपाय धुवायचे होते म्हणून गिझर लावला होता."

गिझर चालू केला. मीटर 221. टेस्ट लॅम्प ढणढणीत पेटला. पुतण्या तीन पावलं मागं सरला. म्हणजे गिझरची कॉइल फुटलेली, फेज सरळ पाण्यातून बॉडीवर, आणि गाडी उभी रबरी टायरांवर, जमिनीशी संबंध नाही. आत बसलेल्याला कळत नाही, कारण फरशी, नळ, कडी सगळं एकाच व्होल्टेजला. एक पाय जमिनीवर आणि एक हात गाडीला, असा जो उभा राहील त्याच्यातूनच करंट खाली जाणार. त्यातून पाय अनवाणी आणि ओल्या चिखलात.

बंद केलं सगळं. एक्स्टेन्शनचा प्लग उघडला. पिना तीन, वायरी दोनच. भिंतीतला सॉकेट उघडला, तिथंही तेच, अर्थच्या भोकामागं स्क्रू मोकळा. हे मला काही नवीन नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या शंभर वस्त्या फिरलात तर बऱ्याच ठिकाणी अर्थचं भोक नुसतं शोभेला असतं. घरातल्या फ्रीजला ते एकवेळ निभावतं, तेही नशिबावर. पण टायरवर उभ्या असलेल्या लोखंडी घराला नाही.

मला खरा राग आला तो पुढच्या गोष्टीचा. अशा गाडीत आरसीसीबी असतेच. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये 30 मिलिअँपियरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. मग ती पडली का नाही? गाडीतला डीबी, म्हणजे स्विचांचा डबा, उघडला तर आरसीसीबी जागेवर, दांडा वर, आणि मागून वायरीची गाठ मारून तिला बाजूला टाकलेलं. ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "आधीच्या एका मुक्कामाला सारखी पडत होती ओ. तिथल्या मेकॅनिकनं करून दिलं, मग पडली नाही." म्हणजे त्या मुक्कामाला अर्थिंग चांगलं होतं. कॉइल तेव्हाच फुटलेली, आरसीसीबी ओरडून ओरडून सांगत होती, आणि तिचंच तोंड बांधलं.

पुतण्यानं तेवढ्यात उपाय सुचवला. सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडू, मग अर्थिंग मिळेल. हा शहाणपणा आमच्या भागात फार चालतो, चांगले जुने वायरमनसुद्धा करतात. मी त्याला बसवून सांगितलं. मागं कुठं न्यूट्रल तुटला, तर आत चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यातून फेज न्यूट्रलवर येणार आणि तिथून थेट गाडीच्या बॉडीवर. गिझर चांगला असला तरी. आणि उन्हाळ्याच्या वादळात न्यूट्रल तुटायला वेळ लागत नाही.

अर्थिंग बोरच्या स्टार्टरजवळ होतं, अण्णांच्या वडिलांच्या वेळचं, कोळसा-मिठाचा खड्डा. खरंतर अडीच मीटरचा जीआय पाइप, वर पाणी ओतायला तोंड, असं पाहिजे. पाइप होता, पण वर्षानुवर्षं पाणी कुणी ओतलं नव्हतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाला सोडून जाते. दोन घागरी पाणी ओतलं, क्लॅम्प घासून घट्ट केला, तिथून हिरवी वायर सॉकेटपर्यंत आणि पुढं गाडीपर्यंत आणली. अर्थ टेस्टर माझ्या गाडीत होता, नव्वदच्या आसपास ओहम आले. हा आकडा जितका कमी तितकं बरं, म्हणजे वाईटच. पण इथंच आरसीसीबीचं मोल कळतं. 100 ओहमवर फेज बॉडीला लागला तर करंट वाहणार 2.3 अँपियर. एमसीबी फक्त जास्त करंट गेला तरच पडते, 16 अँपियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. 30 मिलिअँपियरवाली मात्र तत्काळ तोडते. गाठ सोडली, आरसीसीबी जोडली, गिझर चालू केला. टक्. पडली. अण्णा म्हणाले, "बिघडली का?" म्हटलं, नाही, आज पहिल्यांदा तिचं कुणीतरी ऐकलं.

गिझर काढला. कॉइलवर पांढरा चुन्याचा थर करंगळीएवढा जाड, एका जागी नळी फाटलेली. हे बोरच्या जड पाण्याचं काम. थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, ती स्वतःच तापून फुटते. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं उरलेल्या दिवसांना बोरच. आमच्या घरच्या कॉइली मी दर उन्हाळ्यात काढून व्हिनेगरमध्ये भिजवतो. साहेब रस्त्यावर मिळेल तिथं बोरचं पाणी भरत आलेले. त्यांच्याकडं पाण्याच्या नळीला लावायचा प्रेशर रेग्युलेटर होता, तिकडं गाडीच्या पाइपांना जास्त दाब सोसत नाही म्हणून 40-50 पीएसआयवर बांधतात. अण्णांची टाकी चार मीटर उंच, दाब सहा पीएसआय पण नाही. म्हटलं, तो ठेवून द्या, त्यापेक्षा पाण्याचा फिल्टर घ्या.

मग तो जाडा पाइप. माझं काम नव्हतं, पण वास येत होता म्हणून बघितलं. साहेबांनी मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवलेला, जसा घरचा संडास सरळ वाहतो तसा. तसं केलं की पाणी निघून जातं आणि घट्ट मैला टाकीत बसून राहतो, थरावर थर. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायचा. दोन्ही एकाच पाइपातून सोडायचं असेल तर आधी मैला, मग अंघोळीचं पाणी, म्हणजे त्याच पाण्यानं पाइप धुतला जातो. हे साहेबांना माहीत होतं, तिकडं करतही होते, इथं घाईत राहून गेलं. आत जे बसलं होतं ते काढायला साहेबांनीच अण्णांना विचारलं, "एखादा गडी मिळेल का बादलीनं काढायला? पैसे देतो." अण्णा इतका वेळ मऊ बोलत होते. ते एकदम थांबले. "साहेब, माझा गडी ह्या कामाला लागणार नाही. कायद्यानं बंदी हाय, 2013 चा कायदा हाय. आन् बंदी नसती तरी लावला नसता." साहेब ओशाळले. मग आम्ही टाकीत पाण्याची नळी घालून भरली, साहेबांनी गाडी अंगणात चार वेळा मागं-पुढं केली, आतलं पाणी हिंदकळलं, आणि मग व्हॉल्व्ह ओढला. दोन खेपा झाल्या. पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार दिला, चेंबरच्या तोंडाशी ओलं पोतं गच्च बसवलं.

अण्णांना तेवढ्यात आणखी एक सुचलं. मैला गोबर गॅसमध्ये सोडला तर? कल्पना वेडी नाही. देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या बायोगॅसचं कामच आयुष्यभर केलं. पण साहेबांनी टाकीत वासासाठी निळं औषध टाकलेलं. वास मारणारं औषध जंतूही मारतं, आणि गोबर गॅस जंतूंवरच चालतो. आठवडाभर गॅस बसला असता. सेप्टिक टँकलाही ते थोडं बाधतंच, पण टाकी मोठी, एकदा निभावेल.

सात वाजता आज्जी परत आल्या. ईसीजी ठीक होता. अण्णांच्या मंडळींनी बंबात पाणी तापवून दिलं, आज्जी म्हणाल्या बंबाचंच बरं होतं.

निघताना अण्णांनी विचारलं, अशा गाड्यांसाठी नीट पॉइंट करायचा तर काय लागेल. सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या डोक्यात हिशेब चालू झालेला. मी सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं. पावसात चालेल असा निळा सॉकेट, त्याला स्वतंत्र आरसीसीबी आणि 16 अँपियरची एमसीबी, अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर केबल, नवीन अर्थिंगचे दोन खड्डे, चेंबरला झाकणाचं तोंड, अंघोळीच्या पाण्याला शोषखड्डा. अण्णांनी वाचलं.

"दोन खड्डे कशाला? एकात भागत नाही?"

"आजचा एक बघितला ना? नव्वद ओहम."

"वर्षात एखादी गाडी येणार, वायरमन."

"पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे ना? मांडव इथंच घालणार. डीजे, लायटिंग, पत्र्याचा मांडव, लोखंडी खांब."

अण्णांनी पाकीट खिशात घातलं. "बरं. सोमवारी या. खड्डे मी खणून ठेवतो."