जुना फ्लॅट विकताना अडलेलं एक पत्र

आजूबाजूला नव्या स्कीम उभ्या राहत असताना लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या फ्लॅटचा भाव थोडा खाली आणावाच लागतो. आणला. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, विसारही आला. घोडं अडलं ते सोसायटीच्या एनओसीवर, म्हणजे ना-हरकत पत्रावर.

सेक्रेटरी म्हणाले, "ट्रान्सफरचे दोन लाख होतील. सगळेच देतात." कागदावर मात्र काही नाही, पावती म्हणे 'ऐच्छिक देणगी'ची मिळेल. इच्छा त्यांची, देणगी माझी!

९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये. वर हस्तांतरण शुल्क ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १००, बस्स. देणगी, विकासनिधी अशा कुठल्याही नावाखाली जादा घेता येत नाही, हे आदर्श उपविधींतही (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांतही) आहे. गंमत म्हणजे त्याच उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागतच नाही. पण घेणाऱ्याची बँक त्या पत्राशिवाय कर्जाचा चेक सोडत नाही, आणि कमिटीला हे पक्कं ठाऊक असतं. मग आज चेअरमन गावाला गेलेले, उद्या शिक्का सापडत नाही, परवा "मीटिंगमध्ये विषय घेऊ". इकडे घेणाऱ्याचा रोज फोन.

शेवटी तोंडी बोलणं बंदच केलं. अर्ज दोन प्रतींत लिहिला: मागितलेली रक्कम कोणत्या उपविधीखाली आहे ते लेखी कळवावे, अन्यथा उपनिबंधकांकडे (सोसायट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे) तक्रार करावी लागेल. माझ्या प्रतीवर पोच द्यायला सेक्रेटरी तयार नव्हते. पेन हातात धरून नुसते अर्ज पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मीही खुर्चीवरून हललो नाही. सही झाली, आणि मग पत्रही निघालं, २५,००० च्या चेकवर. वर "पेढे तरी द्या" म्हणाले. नाही दिले.

आणखी काही. मेंटेनन्सची थकबाकी आधीच मिटवा, म्हणजे अडवायला ते एक निमित्त कमी. प्रीमियम कोणी भरायचं हे विसार घेतानाच लिहून घ्या. आमचं निम्मं-निम्मं ठरलं होतं. मुद्रांक शुल्क घेणाराच भरतो, पण किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो तुमच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का बघा. आणि दलाली रोखीत देऊ नका. पावती असेल तर भांडवली नफा (विक्रीतला करपात्र नफा) काढताना ती रक्कम वजा होते.