अर्पणाची थैली

चर्चच्या उपासनेत दान गोळा करायला बाकांवरून फिरते ती अर्पणाची थैली मखमलीची का करतात, हे तिच्यात हात घातल्याशिवाय कळत नाही. आमच्या चर्चमधली जांभळी आहे. तोंडाशी लाकडी कडं, धरायला दोन मुठी आणि आत मनगट बुडेल एवढी खोली. कडेची मखमल झिजून खालचं कापड दिसायला लागलंय, पण तळाशी नाणं पडलं तरी आवाज म्हणून येत नाही. मूठ मिटून हात आत घालायचा आणि रिकामा बाहेर काढायचा. दहाची नोट होती की दोनशेची, हे शेजारच्याला कळायचं कारण नाही. स्टीलच्या ताटात ही सोय नाही. तिथे पाचशेची नोट हमखास सगळ्यात वर असते.

अडचण एकच, ती सुट्ट्या पैशांची. घोडबंदर रोडवरून टीएमटीने, म्हणजे ठाण्याच्या पालिकेच्या बसने, येणाऱ्यांचे सुट्टे कंडक्टरकडेच संपतात. मग अर्पणाचं गीत सुरू झालं की पर्स उघडण्याचे आणि कुजबुजीचे आवाज येतात, "शंभरचे सुट्टे आहेत का गं?" थैलीत पाचशे टाकून चारशे परत काढून घेता येत नाहीत, निदान लोकांसमोर तरी.

2016 च्या नोटाबंदीने या कुजबुजीला पहिला धक्का दिला आणि 2020 च्या टाळेबंदीने तर चर्चच मोबाइलमध्ये नेलं. उपासना पडद्यावर, मग अर्पणही पडद्यावरच. लोक परत बाकांवर येऊन बसले तरी क्यूआर कोड मात्र राहिला. तो लावायचा कुठे, यावर चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत रीतसर वाद झाला. वेदीजवळ लावा म्हणणाऱ्यांना एका आजोबांनी विचारलं, "मंदिरातल्या सराफांचे चौरंग येशूने पालथे केले, आठवतंय ना?" शेवटी मागच्या दाराशी, छत्र्या ठेवतात त्याच्या वर, तो चिकटवला. तरुण संघातल्या एकाने दुकानात असतं तसं बोलणारं यंत्रही सुचवलं होतं. खजिनदारांनी तो विषय तिथेच मिटवला, आणि बरं केलं. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करताहेत आणि मागून घोषणा होते, "अकरा रुपये प्राप्त झाले"!

उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. पण देण्याच्या जागी गुपचूपपणा पूर्वीही फारसा नव्हता. यरुशलेमच्या मंदिरात दानासाठी तेरा पेट्या होत्या, असं मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या नियमग्रंथात लिहिलंय. त्या पेट्यांना शिंगासारख्या म्हटलंय, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद. त्यात धातूची नाणी पडत असणार ती खणखणतच. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, येशू त्या भांडारासमोर चक्क बसलाय आणि लोक पैसे कसे टाकतात ते बघतोय. धनवान पुष्कळ टाकतात. एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकते. मला या प्रसंगात त्याचं ते बसणं फार आवडतं. एरवी कुणी तो कोपरा धरून बसला असता, तर आम्ही त्याला भोचक म्हटलं असतं.

आता बघण्याचं काम खजिनदारांच्या वाट्याला आलंय. थैलीतल्या नोटांवर नाव नसतं. मोबाइलवरून आलेल्या रकमेला मात्र नाव, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, सगळं चिकटलेलं असतं. डाव्या हाताला कळो न कळो, बँकेच्या उताऱ्याला कळतं. आमचे खजिनदार तोंडाचे घट्ट आहेत म्हणून निभावतंय. तरी त्या विधवेने दोन टोल्या फोनवरून पाठवल्या असत्या का, अशी शंका मला येते. यादीत आपल्या नावापुढे दोन रुपये दिसणं आणि थैलीत दोन रुपये सोडणं, यात दुसरं नक्कीच सोपं आहे. गरिबाची लाज राखायची तर मखमलच बरी.

गाजावाजा करूनच द्यायचं असेल तर त्याला कापणीचा सण आहे. गावाकडे त्या दिवशी शेतातली बाजरी, अंडी, एखादी कोंबडी वेदीपुढे येते. आम्हा ठाणेकरांची शेती जांभळी नाक्याच्या भाजी बाजारात. तिथून आणलेला लाल भोपळा चर्चच्या अंगणात लिलावात निघतो आणि दोन काका इरेला पेटले की बाजारभावाच्या कैक पट जातो. जिंकणारा काका तो पुन्हा दान करतो, कारण घरी कुणाला भोपळा आवडत नाही. मग परत बोली. यात दिखावा आहे, नाही कसा! पण सगळे हसत असतात आणि भोपळ्याला नाव चिकटत नाही.

अडलंय ते मुलांचं. शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गातल्या, पोरांना आई नाणं देते, ते घामेजलेल्या मुठीत अर्धी उपासना धरून ठेवायचं आणि थैली आली की टाचा उंचावून टाकायचं, हे आईने सगळं फोनवरून उरकलं तर कसं जमणार? काही आया म्हणूनच अजून डबीत नाणी साठवतात.

मोठी मंडळी सध्या अधेमधे आहेत. फोनवरून दिलेलं असतं, पण थैली रिकाम्या हाताने पुढे सरकवताना मागच्या बाकावरची मावशी काय म्हणेल, ही धास्ती सुटत नाही. गेल्या महिन्यात एका तरुणाने थैली समोर येताच पेमेंटची हिरवी खूण थेट डीकनसमोर, म्हणजे थैली फिरवणाऱ्या चर्चच्या सेवकासमोर, धरली. डीकननी चष्मा वर करून ती नीट वाचली आणि थैली धरूनच ठेवली. त्याने गडबडून खिशातले वीस काढले.