जनरेटरची गोळी

“जनरेटरची गोळी हाय का?”

सोमवार, २८ मे २०१२. सकाळचे साडेआठ. शटर कमरेइतकंच वर गेलेलं, माझ्या हातात उदबत्ती, आणि खालून वाकून एक म्हातारी विचारत होती. मला अर्धंच ऐकू आलं. म्हणालो, “आजी, जनरेटर मंडपवाल्याकडं मिळतो.”

“मंडपवाल्याकडं गोळ्या कवापास्नं मिळाय लागल्या?”

तिच्यामागे उभा असलेला नातू हसत म्हणाला, “जेनेरिक, काका. काल टीव्हीत सांगितलं ना, ते.”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. काल रविवार. अकरा वाजता आमिर खानचा ‘सत्यमेव जयते’. चौथा भाग, डॉक्टर आणि औषधांवरचा. मीही घरी बसून पाहिला होता, अगदी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन.

आमचं मेडिकल माण तालुक्यात, एसटी स्टँडच्या समोर. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरशिवाय दुसरा विषय नव्हता. पण मे महिन्याच्या चार रविवारांनी तोही मागं टाकला. पहिला भाग स्त्रीभ्रूणहत्येचा, दुसरा लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, तिसरा हुंड्याचा. स्टार प्लसवर लागायचा तसाच त्याच वेळी दूरदर्शनवरही लागायचा, आणि खरी गंमत तिथं होती. स्टार प्लस पाहणारे गावात थोडे. पण वाड्या-वस्त्यांवर डीडी डायरेक्ट प्लसच्या पांढऱ्या छत्र्या लागल्या होत्या, एकदा पैसे भरले की महिन्याचं भाडं नाही. त्यामुळे पुण्यातल्या सोसायटीत जे पाहिलं जात होतं तेच, त्याच मिनिटाला, मेंढरं बसवलेल्या वाघरीशेजारी पाहिलं जात होतं. हुंड्याच्या भागानंतर आमच्या कट्ट्यावर दोघा व्याह्यांची जुंपलेली मी पाहिली आहे. तेव्हा मजा वाटली होती. यावेळी वरात आमच्याच दारात आली.

त्या भागात काय काय होतं ते थोडक्यात सांगतो. आंध्रातल्या बायकांच्या गरज नसताना काढलेल्या गर्भपिशव्या. पेशंट पाठवल्याबद्दल, तपासण्या लिहिल्याबद्दल डॉक्टरांना मिळणारा कट. आणि शेवटाकडे राजस्थानातले एक आयएएस अधिकारी, स्वतः डॉक्टर असलेले समित शर्मा. सरकार तीच औषधं ब्रँडऐवजी मूळ नावानं, म्हणजे जेनेरिक, घाऊक भावात घेतं तेव्हा ती किती स्वस्त पडतात, हे त्यांनी सांगितलं. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत औषधं फुकट मिळायला लागली होती, ती याच हिशेबावर. दीड तासाच्या कार्यक्रमातून आमच्या गिऱ्हाइकांच्या लक्षात दोन गोष्टी राहिल्या. डॉक्टर चोर. आणि जेनेरिक मागायचं.

दहा वाजेपर्यंत काउंटरवर ही झुंबड. बाजाराचा दिवस नव्हता तरी. एकाला खोकल्याचं जेनेरिक हवं होतं, एकाला बाळाच्या पावडरचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी बायकोची अख्खी फाइल घेऊन आले आणि प्रत्येक औषधाची छापील किंमत वहीत उतरवून घ्यायला लागले. गुरुजींना सुट्टी होती, मला नव्हती. एक जण डॉक्टरांची चिठ्ठी पुढं करून म्हणाला, “ह्यातलं नाव खोडा आणि आमिर खानवालं द्या.”

मी सगळ्यांना एकच उत्तर देत होतो, आणि ते खोटं नव्हतं. डॉक्टरनं ज्या ब्रँडचं नाव लिहिलंय तोच ब्रँड द्यायचा, हा कायदा. औषध व सौंदर्य प्रसाधन नियमांतला नियम ६५. शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं, औषध असेल तर चिठ्ठीवरच्या ऐवजी दुसरं काही, आत तेच औषध असलं तरी, दुकानदाराला परस्पर देता येत नाही. मी लायसन्सच्या फ्रेमकडे बोट दाखवून सांगत होतो, “माझ्या हातात नाही हो. डॉक्टरांना जेनेरिक लिहायला सांगा.” गुरुजींनी तेही वहीत लिहून घेतलं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. गावात कायदा माहीत असलेला एकटा मीच.

डॉक्टरांचा दवाखाना आमच्याच माडीवर. अकराच्या सुमारास दोन एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, जिन्यावरून खाली आले आणि न विचारता काउंटरच्या आत येऊन बसले. एरवी ही पोरं पेशंटच्या बाकड्यावर, टाय लावून, पायाशी काळी बॅग ठेवून तासन् तास बसतात. कुणी बघतही नाही. त्या दिवशी बाकड्यावरच्या बायका टक लावून बॅगेकडे बघत होत्या म्हणे. एकानं टाय काढून खिशात घातला. दुसरा म्हणाला, “भाऊ, बॅग जरा तुमच्या फ्रीजमागं ठेवू?”

दुपारी दीडला पेशंट संपले. मी खालून दोन कटिंग घेऊन वर गेलो, रोजच्यासारखा. डॉक्टर पंखा बघत बसले होते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, मला पोरगा असल्यापासून ओळखतात.

“आज किती जणांनी विचारलं माहितीये?” ते म्हणाले. “एकानं सरळ विचारलं, साहेब, माझ्या सोनोग्राफीत तुम्हाला किती? ज्याच्या बायकोचं बाळंतपण रात्री तीनला कंदिलावर केलं, त्यानं.”

मी गप्प. कारण दर महिन्याच्या पाच तारखेला लॅबचा मुलगा डॉक्टरांच्या नावाचं बंद पाकीट माझ्याकडे ठेवून जायचा आणि मी ते वर पोचवायचो. त्यात काय असतं हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, पाकीट काही इतकं जाड कागदाचं नसतं.

“काही चुकीचं दाखवलंय का, साहेब?” मी विचारलं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चुकीचं नाही दाखवलं. सगळं नाही दाखवलं. माझ्यावर कार्यक्रम झाला. तुझ्या ड्रॉवरवर कधी होतोय, त्याची वाट बघतोय मी.”

आम्ही दोघंही हसलो. पण जिना उतरताना माझं हसू मधल्याच पायरीवर राहिलं.

हे ड्रॉवरचं प्रकरण बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्या धंद्यात माल दोन जातींचा. एक ‘एथिकल’: ज्याच्यासाठी एमआर डॉक्टरांकडे जातो. त्यात आम्हाला छापील किमतीवर वीस टक्के सुटतात, सरकारी भावनियंत्रणातलं औषध असेल तर सोळा. दुसरा, आम्ही ज्याला ‘जेनेरिक’ म्हणतो तो: त्याला एमआर नाही, जाहिरात नाही, कंपनी सरळ होलसेलरमार्फत दुकानात पाठवते. बऱ्याचदा कंपनी तीच, जिचा एथिकल ब्रँड डॉक्टर लिहितात. यालाही ब्रँडचं नाव असतं, चकचकीत स्ट्रिप असते, आणि छापील किंमत एथिकलच्या जवळपासच असते. फरक पडतो तो आमच्या खरेदीत. सर्दीची सेट्रिझिनची स्ट्रिप, छापील अठ्ठावीस-तीस रुपये, दुकानात यायची दोन-अडीच रुपयांना. वर स्कीमचा फुकट माल. मधले सगळे पैसे दुकानदाराचे. म्हणजे टीव्हीवर ज्याला जेनेरिक म्हणत होते ते लोकांसाठी स्वस्त होतं, आणि माझ्या फडताळातलं जेनेरिक फक्त माझ्यासाठी स्वस्त होतं. शब्द एकच.

मी हे काही लपूनछपून करत नव्हतो. सगळे करत होते, आजही करतात. दुकानाचं भाडं, पोराचा पगार, इंजेक्शनांच्या फ्रीजला इन्व्हर्टर, तारीख उलटलेला परत न जाणारा माल, आणि उधारीची वही. त्या वर्षी पाऊस नाही म्हटल्यावर उधारी म्हणजे दानच. सोळा आणि वीस टक्क्यांत हे बसत नाही, हे मी कुणालाही हिशेब करून दाखवीन. पण त्या दुपारी कुणी हिशेब मागत नव्हतं, आणि मीच मनातल्या मनात देत होतो.

मग मला तात्या आठवले.

तात्या म्हणजे चार मैलांवरच्या वस्तीवरचे, सत्तरीतले, रक्तदाबाची अम्लोडिपिनची एक गोळी रोज. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, ती एकदाच. पुढे रिकामी स्ट्रिप दाखवायची आणि नवी न्यायची. पहिल्या दोन महिन्यांतच एकदा तो ब्रँड संपला होता. मी फडताळातली माझी स्ट्रिप दिली आणि म्हणालो, “तात्या, ही घ्या, दोन रुपयांनी स्वस्त आहे.” अठ्ठावीसच्या जागी सव्वीस. तात्यांनी तेव्हा मला तोंडभर आशीर्वाद दिला होता. मला ती स्ट्रिप पडत होती तीन रुपये वीस पैशांना.

म्हणजे नियम ६५. सकाळपासून जो मी गावाला वाचून दाखवत होतो, तो.

चारच्या सुमारास गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर मांडलं. महिन्याला तीन स्ट्रिपा, तीन वर्षं, एकशे आठ. एका स्ट्रिपमागं बावीस रुपये ऐंशी पैसे. २४६२ रुपये ४० पैसे. फार मोठा आकडा नाही. शहरातल्या एका हॉस्पिटलच्या एका रात्रीचंही बिल होणार नाही. तात्या त्या वर्षी रोजगार हमीवर जात होते. कागद चुरगाळून टोपलीत टाकला, मग पोराच्या हाती लागू नये म्हणून परत काढून खिशात घातला.

योगायोग म्हणा, तात्या त्याच संध्याकाळी आले. सहाच्या एसटीनं. खांद्यावर टॉवेल, धोतराच्या सोग्यात बांधलेली रिकामी स्ट्रिप. मला वाटलं आता हेही जेनेरिक मागणार. त्यांनी स्ट्रिप काचेवर ठेवली आणि आधी माठातलं पाणी मागितलं. दोन पेले प्यायले. मग म्हणाले:

“बघितलं का काल टीव्हीत? काय लुटत्यात रं हे डाक्टर लोक गरिबास्नी. आमचं आपलं बरं हाय बाबा. तू हाईस.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता.

मी तीन स्ट्रिपा काढल्या. तात्यांनी सवयीनं ऐंशी रुपये मोजून ठेवले, आणि दोन परत मिळायची वाट बघत हात तसाच ठेवला. मी पन्नास परत दिले.

“हे रं काय?”

“दहा रुपयाला एक झालीय आता.”

तात्यांनी पैसे घेतले नाहीत. स्ट्रिप उचलली, ट्यूबलाइटकडे धरली. “एक्सपायर झालीया व्हय?”

“नाही हो. तारीख बघा, २०१४ ची आहे.”

तात्यांना इंग्रजी वाचता येत नाही, मराठी जेमतेम. त्यांनी जुनी रिकामी स्ट्रिप नव्या स्ट्रिपशेजारी काचेवर ठेवली आणि बोट लावून एकेक अक्षर जुळवायला सुरुवात केली, जसं आपण लहानपणी दोन चित्रांतले फरक शोधायचो. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. कंपनीचं चिन्ह. मागचा लाल पट्टा. शेवटी छापील किमतीवर आले. आकडे त्यांना येतात. दोन्हीकडं सव्वीस.

“हितं तर सव्वीसच हाय.”

“हो.”

“मंग धा कसं?”

दुकानात आणखी दोघं उभे होते. पोरगा फडताळाला टेकून ऐकत होता. खिशात तो चुरगाळलेला कागद होता. मी म्हणालो, “भाव उतरला, तात्या.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“त्या आमिर खाननं उतरवला व्हय?”

मी मान हलवली. होय-नाही दोन्ही अर्थ निघतील अशी. तात्यांनी होय धरलं.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेनं आमिर खाननं माफी मागावी म्हणून मागणी केली, त्यानं मागितली नाही. जूनमध्ये तो संसदेच्या समितीपुढं जाऊन औषधांच्या किमतींवर बोलला. टीव्हीवर रोज रात्री डॉक्टर एका खिडकीत आणि कार्यकर्ते दुसऱ्या खिडकीत. कुठल्याच खिडकीत मेडिकलवाला नव्हता. मी नीट बघत होतो. वरचे डॉक्टर आणि मी पुन्हा त्या विषयावर बोललो नाही. पाच जूनला लॅबचा मुलगा आला, तेव्हा मी त्याला जिना दाखवला. तो वर जाऊन आला, तेवढंच.

पण त्या सोमवारचं राहिलं. तात्या दुकानातून निघाले ते थेट वस्तीची गाडी धरायच्या ऐवजी स्टँडवर बाकड्याबाकड्याला थांबत गेले. काउंटरवरून मला दिसत होतं. प्रत्येकापुढं ती स्ट्रिप धरायचे, बोटानं सव्वीसचा आकडा दाखवायचे, मग दोन्ही पंजे पसरून दहा दाखवायचे, आणि मग हात करून माझ्या दुकानाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर बाहेर सात जण रिकामी पाकिटं घेऊन उभे. त्यातल्या पाच जणांची एथिकल होती.