चार किलोचं टार्गेट

गेल्या जूनमध्ये ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आला आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन, म्हणजे लिव्हरवर चरबी, पहिली पायरी. वय ४४, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७८.४. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या अलीकडची पायरी, हे मला माहीतच होतं कारण सासरे त्याच रस्त्याने पुढे जाऊन गोळ्यांवर आलेत. त्या रात्री मी वही काढली आणि आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ च्या आत हवा असतो म्हणून हिशोब केला तर आकडा आला ५७. म्हणजे एकवीस किलो! लगेच वहीच्या पहिल्या पानावर लिहून पण टाकलं, "डिसेंबरमध्ये भाचीच्या लग्नापर्यंत ५७", खाली दोन रेघा मारल्या.

अशी पानं माझ्याकडे आधीची पण आहेत हो. एकदा जीएम डाएट केलं होतं, सात दिवसांत तीन किलो गेले, पंधरा दिवसांत परत आले, वर पाहुणे घेऊन. (खाणं एकदम तोडलं की आधी शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, जाते आणि तिच्याबरोबर तिला धरून असलेलं पाणी जातं, चरबी थोडीच जाते, हे मला फार उशिरा कळलं.) मग मध-लिंबू झालं, जिऱ्याचं पाणी झालं, वर्षाचं जिमचं पॅकेज घेऊन अकरा दिवस गेले. नवऱ्याने ते दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत जेवायचं केलं, त्याला जमलं, मला नाही, पहाटे पाचला उठून तीन डबे भरणाऱ्या बाईला सकाळी चहाबरोबर काहीतरी लागतंच.

तर डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी ५७ वर काट मारून ७४.४ लिहिलं आणि म्हणाल्या, सहा महिने. मी म्हटलं मॅडम चार किलो? चार किलो म्हणजे शनिवारी नवरा बाजारातून कांदे आणतो तेवढे! खरं सांगते, अपमान झाल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या पाच टक्के उतरलं तरी साखर आणि लिव्हर दोन्हीला फरक पडायला लागतो, गुडघ्यावरचा भार तर एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला साधारण चार किलोने कमी होतो, तुम्ही आधी हे करा, ५७ चं आपण नंतर बोलू. आणि कंबर मोजायला सांगितली. ९६ सेंटीमीटर. बायकांची ८० च्या आत पाहिजे.

मग आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं आणि खरं काम तिथे झालं. मला वाटलं छापील कागद देतील, सकाळी ओट्स, दुपारी सॅलड. तसलं काही नाही. पंधरा दिवस जे खाता तेच खा, फक्त लिहा, आणि पुढच्या वेळी येताना कॅलेंडर घेऊन या, भिंतीवरचं. मी घरातलं कालनिर्णय गुंडाळी करून पर्समध्ये घालून नेलं, लोकलमध्ये सगळ्या हसल्या.

बाईंनी काय केलं तर श्रावणाचे सोमवार, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि भाचीचं लग्न या सगळ्यांवर पेन्सिलने गोल केले आणि म्हणाल्या या दिवसांत वजन कमी करायचंच नाहीये, फक्त वाढू द्यायचं नाही, थोडं वाढलं तरी चालेल. उरले किती आठवडे? सव्वीसातले सोळा. त्यात चार किलो, म्हणजे आठवड्याला पाव किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी धरतात, त्याने भागलं की रोजच्या पावणेतीनशे होतात. पावणेतीनशे कॅलरी कुठून काढायच्या ते तुमची वही सांगेल, असं म्हणून त्यांनी वही माझ्याकडेच सरकवली. माझ्या आजवरच्या एकाही प्लॅनमध्ये गणपती आलेच नव्हते, जणू काही दरवर्षी मला आश्चर्यच वाटायचं की अरे मोदक कुठून आले.

आणि वहीने सांगितलं खरंच. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. ऑफिसच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं, ती मी खाणं म्हणून कधी मोजलीच नव्हती. लेडीज डब्यात आमचा पंधरा जणींचा ग्रुप, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा कोणाचा तरी वाढदिवस नाहीतर लग्नाचा वाढदिवस, म्हणजे ठाण्याच्या आत समोसा हातात. मुलीच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, टाकवत नाही म्हणून. आणि तेल! चार माणसांत महिन्याला पाच लिटर, माणशी अर्धा लिटर पुष्कळ झालं म्हणतात.

सगळ्यात मोठा धक्का उपासाचा. सोमवारच्या रकान्यात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचा लाडू, केळं, ताक. बाकीच्या वारांपेक्षा सोमवार जड! साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, उपासाने कधी वजन वाढतं का?" त्यांच्याशी वाद घालणार कोण, मी गुपचूप वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी एक वाटी एवढ्यावर आणलं आणि लाडू मुलीला.

बदल काय केले तर फार नाहीत. चहा तीन, साखर एक-एक चमचा. बिस्किटं बंद. तेलाची बाटली काढून टाकली, महिन्याचं तीन लिटर एका डब्यात, संपलं की संपलं, दोन लिटर जमलं नाही. दुपारच्या डब्यात मटकी किंवा हरभऱ्याची उसळ जास्त, पोळ्या तीनाच्या दोन. भाकरीबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते, ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात, आमच्याकडची एक भाकरी म्हणजे दोन फुलक्यांचं पीठ, त्यामुळे "मी भाकरीच खाते" म्हणून तीन खाल्ल्या तर काय होणार. चालायचं म्हणाल तर डोंबिवली स्टेशन ते घर शेअर रिक्षा सोडली. वीस मिनिटं जायला, वीस यायला, पाच दिवस, आठवड्याला दोनशे मिनिटं होतात, दीडशे पुरेशी धरतात. पावसाळ्यात गटाराचं पाणी तुडवत चालणं काही रम्य वगैरे नसतं, आणि चपला दोन जोड गेल्या.

वजन फक्त शनिवारी सकाळी, चहाच्या आधी. हे पाळणं सर्वात अवघड. आधी मी रोज दोनदा उभी राहायचे, लोणचं-पापड झालं की दुसऱ्या दिवशी सहाशे ग्रॅम वर आणि माझा मूड खाली. शिवाय पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी धरतं, माझं किलोभर वाढतं, म्हणून बाईंनी या महिन्याचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी लावायला सांगितला. कुणीतरी हे मला विसाव्या वर्षी का नाही सांगितलं!

ऑगस्ट संपताना ७६.१. गणपतीत नऊशे ग्रॅम वाढलं, मी रडवेली, बाई कॅलेंडरवरचा गोल दाखवून म्हणाल्या हे तर ठरलेलंच होतं ना. नंतर मात्र पाच शनिवार काटा ७५.६ वरून हलेना आणि त्यात नवरात्र सोडलं तर एकही सण नाही. परत वही लिहायला घेतली तर सापडलं की संध्याकाळी "मूठभर" शेंगदाणे चालू झालेत, कुकर लावता लावता दोन-तीन मुठी, त्याच्यातच दोनशेच्या वर कॅलरी. वजन उतरलं की शरीराला लागतंही थोडं कमी, ते वेगळंच. दाणे वरच्या फडताळात गेले आणि खुर्ची धरून उठाबशा सुरू केल्या, दिवसाला तीस.

दिवाळीत चकली मी खाल्ली, पोटभर खाल्ली, लपून नाही. ७५.० चं ७५.५ झालं आणि दहा दिवसांत उतरलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ७४.२. घरात कोणी उठलेलं नव्हतं. मी काट्यावरून उतरून परत चढले, ७४.२ च. कंबर ९०. लग्नात मात्र एकीनेही "बारीक झालीस" म्हटलं नाही, एका मावशीने तर तब्येत छान आहे म्हटलं आणि त्याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते सगळ्यांना माहितीय. फक्त ब्लाऊजची एक शिवण शिंप्याने आत घेतली. एचबीएवनसी ५.८ आला, अजून काठावरच. मी डॉक्टरांना म्हटलं आता ५७ चं बोलू, त्या म्हणाल्या आता पुढचे तीन महिने ७४ वरच राहून दाखवा, हेच टार्गेट. परत अपमान. पण संक्रांतीचे तिळगूळ पार पडलेत आणि शनिवारी ७४.३ होतं.

काटा आता सासूबाई जास्त वापरतात. रद्दीवाला वजनात मारतो असा त्यांना पक्का संशय, म्हणून मला रद्दीचा गठ्ठा घेऊन उभी करतात आणि माझं वजन वजा करतात. परवा रद्दीवाला म्हणाला सव्वातीन, आमच्या काट्यावर चार भरली, आणि आईंनी जिन्यात उभं राहून त्याच्याकडून चार किलोचेच पैसे घेतले.