आई-बाबांना घेऊन नायगारा : प्लॅनिंगचा माझा अनुभव

आई-बाबा अमेरिकेत येणार म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न नायगारा दाखवणार ना हाच, आमच्या मावशीने तर त्यांचा व्हिसा हातात यायच्या आधीच विचारून घेतलं होतं. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, तिथून गाडीने साधारण सात तास, आम्हाला त्याचं काही नाही पण आईच्या गुडघ्यांना आहे.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कॅनडाच्या बाजूने. ज्याला विचारावं तो म्हणतो खरा नायगारा तिकडूनच दिसतो, आणि ते खोटंही नाही, हॉर्सशू, म्हणजे नालाच्या आकाराचा सगळ्यात मोठा धबधबा, समोरून अख्खा दिसतो तो तिकडूनच. पण आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा, त्यावर रेनबो ब्रिज ओलांडून पलीकडे जाता येत नाही, आपल्या पासपोर्टला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, म्हणजे परत फॉर्म, फी, बोटांचे ठसे. नवरा म्हणाला करूया की, मी म्हटलं पुलापलीकडे दोन तास उभं राहायला एवढा खटाटोप कशाला. सोडून दिलं, आणि मला तरी त्याची अजिबात हळहळ नाही.

मग वेळ कुठली धरायची. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांचा प्रश्न एकच, "विसर्ग किती आहे?" म्हणून शोधलं तर भारीच निघालं. वरच्या बाजूला दोन्ही देश वीज करायला पाणी वळवतात, आणि 1950 च्या करारानुसार एप्रिल ते ऑक्टोबर दिवसा धबधब्यावरून कमीत कमी 1 लाख क्युसेक सोडावंच लागतं, रात्री आणि हिवाळ्यात 50 हजार चालतं. म्हणजे टुरिस्टसाठी नळ मोठा करून ठेवतात! बाबा म्हणाले, "खडकवासल्यातून 35 हजार सोडलं की सिंहगड रोडवर पाणी शिरतं, हे तर रोजचंच एक लाख." त्यामुळे ऑगस्टमध्ये जायचं आणि धबधब्याजवळ नेणारी बोट भरदिवसा घ्यायची असं ठरलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बोटी बंद होतात, दिवाळीनंतर येणाऱ्यांनी हे आधीच बघा.

वाटेत बरेच जण वॉटकिन्स ग्लेन ही धबधब्यांची घळ करतात, पण तिथे आठशेच्या वर पायऱ्या आहेत म्हणे, आईसाठी त्या बेतावर फुली. त्याऐवजी कॉर्निंगचं काचेचं म्युझियम घेतलं, सपाट, एसी, बसायला जागा, समोर काच फुगवून दाखवतात, आणि पार्किंगमध्ये डिकी उघडून दशम्या न् लसणाची चटणी.

नायगाराच्या अमेरिकन बाजूच्या स्टेट पार्कला एंट्री फी नाही, पैसे लागतात पार्किंगला आणि राइड्सना. मेड ऑफ द मिस्टची, म्हणजे त्या बोटीची, तिकिटं मी ऑनलाइनच काढली. टॉवरमधून लिफ्टने थेट बोटीच्या धक्क्याला उतरतो, हे कळल्यावर माझा निम्मा ताण गेला. निळे पोंचो देतात, आईने साडीवर तो चढवला, पदर आत खोचला, चष्मा पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाली अगं आता दिसणार काय मला. बोट हॉर्सशूच्या पुढ्यात जाऊन थांबते तेव्हा तसंही कोणालाच काही दिसत नाही, नुसतं पांढरं आणि तोंडावर सपासप पाणी. आम्ही खालच्याच डेकवर कठड्याला धरून उभे होतो, वरती जिना चढावा लागतो आणि गर्दीही तिकडेच.

केव्ह ऑफ द विंड्स, म्हणजे धबधब्याच्या पायथ्याशी चालत जायची राइड, मात्र विचार करून घ्या. लिफ्ट आहे पण खाली उतरल्यावर लाकडी जिने, ओले, आणि वरचा हरिकेन डेक ब्रायडल व्हेल (Bridal Veil) ह्या छोट्या धबधब्याच्या अगदी अंगाशी. आई खालच्या फळीवर थांबली, बाबा वर गेले आणि परत यायलाच तयार नाहीत. ह्या फळ्या दर हिवाळ्याआधी काढतात आणि वसंतात नव्याने बांधतात असं तिथल्या माणसाने सांगितल्यावर तर, मेंटेनन्सचं टेंडर कसं काढत असतील हा विषय सुरू झाला.

जेवणाची काळजी नको, पार्कजवळ भारतीय हॉटेलं ढीगभर आहेत, चव यथातथाच पण गरम वरण-भात मिळतो. आणि गोट आयलंडला, म्हणजे पार्कमधल्या धबधब्यांच्या मधल्या बेटावर, सकाळी लवकर पोचा, अकरानंतर पार्किंगसाठी नुसत्या घिरट्या घालत बसावं लागतं.